फितीची खूण

ती घटना आठवली की आजही माझा हात आपोआप खांद्याकडे जातो. खांद्यावर आता घरातला स्वेटर असतो, तरी जातो.

आधी माझं सांगतो. वडील रेल्वेत, मूळचे भुसावळकडचे. त्यांची बदली जयपूरला झाली तेव्हा मी चौथीत होतो. पुढे इथंच शिकलो, इथंच पोलिसांत फौजदार म्हणून लागलो आणि इथंच निवृत्त झालो. आई होती तोवर घरात मराठी होतं. मुलं आता दर वाक्यात ‘मतलब’ घालून जे काही बोलतात त्याला मी मराठी म्हणतो, कारण बाप आहे. ठाण्यात मात्र हिंदीच. सायबाला मराठी येतं हे माझ्या निम्म्या स्टाफला माहीतही नव्हतं.

आमच्या खात्यात माणूस समोर आला की आधी खांदा बघायचा, मग तोंड. दोन तारे आणि फीत म्हणजे फौजदार. तीन तारे आणि फीत म्हणजे इन्स्पेक्टर, आमच्याकडे त्याला सीआय म्हणतात. फीत म्हणजे खांदेपट्टीच्या बाहेरच्या टोकाला शिवलेली रंगीत पट्टी, जेमतेम बोटभर रुंद. पण तिची किंमत आम्हाला विचारा. तारे तीनच राहतात, फक्त ती फीत निघते आणि इन्स्पेक्टरचा डीवायएसपी होतो. मी तेव्हा सीआय होतो, एका ठाण्याचा प्रमुख. बढतीची यादी लटकलेली होती आणि दाढी करताना मी रोज आरशात त्या फितीला शिव्या घालत होतो.

सैन्यातही हिशेब बराचसा असाच. सुभेदाराला दोन तारे आणि फीत. लेफ्टनंटला दोन तारे, फीत नाही. मेजरला अशोकस्तंभाचे सिंह. हे सगळं मला पाठ होतं, आणि पाठ असल्याची घमेंडही होती. पुढचं सगळं त्या घमेंडीतून झालं.

दिवस सव्वीस जानेवारीचा. पहाटेपासून निम्मं ठाणं परेडच्या बंदोबस्ताला गेलेलं. अकराच्या सुमारास फोन वाजला. आवाज तरुण, हुकमी. “मेजर बोल रहा हूँ. रेल्वे कॉलनीत एक म्हातारा लेफ्टनंटची वर्दी घालून फिरतोय. त्याचं कार्ड मी स्वतः बघितलं. कार्डावर सुभेदार लिहिलंय. तोतया आहे. ताबडतोब या.”

प्रजासत्ताक दिनाला लष्करी वेशातला तोतया! मी स्वतःच जीप काढली.

कॉलनीच्या मैदानात झेंडा लागलेला, बुंदीची पाकिटं वाटून झालेली. एका लोखंडी खुर्चीवर साधारण सत्तरीचे एक गृहस्थ ताठ बसले होते. अंगावर जुनी ऑलिव्ह रंगाची वर्दी, इस्त्री अशी की कडेला बोट कापावं. जवळ गेलो तर डांबराच्या गोळ्यांचा वास आला. खांद्यावर दोन-दोन तारे. फीत नाही.

बाजूला मेजर उभा होता. उंच, गोरा, टोपी काखेत, खांद्यावर चकचकीत सिंह. मी टाचा जुळवून कडक सॅल्यूट ठोकला. त्यानेही हात कपाळाला लावून तो झोकात घेतला.

म्हाताऱ्याचं कार्ड बघितलं. माजी सैनिकाचं ओळखपत्र, खरं दिसत होतं. हुद्दा, सुभेदार. मग मी वाकून खांदेपट्टी निरखली. तार्‍यांच्या खाली, बाहेरच्या टोकाला, बोटभर रुंदीची जागा बाकीच्या कापडापेक्षा गडद होती. तिच्या दोन्ही कडांना सुईच्या भोकांची बारीक रांग. फीत होती आणि ती उसवून काढली होती! सुभेदाराने फीत काढली की लेफ्टनंट तयार. मला वाटलं, वा रे पठ्ठ्या, आपण कसं अचूक पकडलं.

तिथली माणसं कोण हे हळूहळू कळलं. म्हातारे सातारा भागातले, आदल्या दिवशीच गावाहून आलेले. त्यांची मुलगी इथे दिलेली, जावई रेल्वेत. झेंडावंदनाला वर्दी घालून या, असा कॉलनीवाल्यांनीच आग्रह केला होता. नात इथल्याच एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारी. त्या नातीचं लग्न या मेजरशी ठरलं होतं, लग्न जुळवणाऱ्या वेबसाइटवरून. संध्याकाळी सहाला कॉलनीच्या हॉलमध्ये साखरपुडा होता.

“मामा, तुम्हाला हे स्थळ पहिल्यापासून पसंत नव्हतं,” जावई दातओठ खात म्हणत होता. “मुलगा मराठी नाही म्हणून. पण त्याच्या तोंडावर असं विचारायचं? आणि आता हे पोलीस!”

“आजोबा, प्लीज, तमाशा नका करू ना,” नात रडत होती. “मतलब, सगळे बघतायत.”

म्हातारे मुलीकडे वळले आणि एवढंच म्हणाले, “आक्का, सांच्याला साखरपुडा करू नगंस. माझं काय बी हुंदे. पोरीच्या बोटात त्येची अंगठी जाऊ देऊ नगंस.” मुलीने मान खाली घातली. मग ते उठले आणि कुणी धरायच्या आत स्वतःच चालत जीपमध्ये जाऊन बसले.

ठाण्यात आणल्यावर रोजनामच्यात नोंद केली, त्यांना समोर बसवलं. आणि मग मी जे केलं ते लिहिताना अजूनही लाज वाटते. पुरावा म्हणून खांदेपट्ट्या उतरवून टेबलावर ठेवायला सांगितल्या. हुज्जत नाही, आरडाओरडा नाही. त्यांनी दोन्ही पट्ट्या काढल्या, अंगठ्याने तारे पुसले आणि माझ्या टेबलावर एकीशेजारी एक, सरळ रेषेत मांडल्या.

मी हिंदीत प्रश्न सुरू केले. सेवा किती? सव्वीस वर्षं. निवृत्त कधी, हुद्दा कोणता? सुभेदार. मग खांद्यावर लेफ्टनंट कसा? “सरकार ने बनाया.” कागद दाखवा. “गाँव में है, ट्रंक में.” आता हे उत्तर मी नोकरीत हजार वेळा ऐकलेलं. चोराचा कागद नेहमी गावाला ट्रंकेत असतो. मी हसलो आणि त्यांना हुद्द्यांवर चांगलं पाच मिनिटांचं व्याख्यान दिलं. फीत म्हणजे काय, ती कुणाला असते, काढली तर गुन्हा कसा होतो, सगळं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत स्वतःशीच पुटपुटले, “अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालाय गडी.”

माझी लेखणी थांबली. माझी आई हेच म्हणायची मला, परीक्षेत पहिला आलो की.

“कोण पिवळा झालाय, बाबा?” मी मराठीत विचारलं.

दुसरा कुणी असता तर चपापला असता. हे मात्र माझ्याकडे नीट बघून म्हणाले, “तुमीच की. पर मराठी हायसा म्हंजी बरं झालं. आता तरी नीट ऐका. माझी वर्दी ठिवा, मला कोठडीत घाला, मी ब्र काढणार न्हाई. फकस्त सहा वाजायच्या आत त्या पोराची चौकशी करा.”

“का? काय बघितलंत तुम्ही?”

“खांदा. म्हंतोय रायफल पलटणीचा हाय. रायफलवाल्यांची बटणं काळी, तारं काळं, सिंह बी काळं. जुनी रीत हाय ती त्येंची. त्येच्या खांद्यावर बगितलं का? नवरीच्या डागिन्यावाणी चकाकतंय. म्यां इचारलं, सायेब, काळी बटणं कुटं गेली? तर तोंड एवढंसं झालं आन् माझं कार्ड मागाय लागला. दुसरं, टोपी काखेत आन् सॅल्यूट घेतोय. टोपी डोईवर नसली तर आमच्यात हात उचलत न्हाईत.”

हे शेवटचं तर मलाही माहीत होतं. आमच्यातही तोच नियम. पण समोर सिंह चमकत होते ना, मला कुठलं सुचायला!

“आणि ही फीत?” मी पट्टीवरच्या खुणेवर बोट ठेवलं.

“पेन्शनीत आलो तवा सुभेदार. कार्ड त्याच वक्ताचं हाय, बदलाय कोन जातंय. पुढच्या सव्वीस जानेवारीला कागद आला, मानाची लेफ्टनंटी दिली म्हून. मंडळी म्हनाली, मी काढते फीत. नव्या पट्ट्या घिऊ म्हनलं तर न्हाई म्हनाली, ह्याच ऱ्हाऊ द्या. दिवसभर उंबऱ्यात बसून सुईच्या टोकानं एकेक टाका उसवला तिनं, कापड फाटू नये म्हून. आता ती न्हाई. खूण हाय.”

माझा आवाज खाली आला, पण पोलिसाचा संशय असा पटकन जात नाही. गोड बोलणारे तोतये मी पुष्कळ बघितले होते. कागद नाही, कचेऱ्या सुटीवर, शब्दाला शब्द. घड्याळात दोन वाजून गेले होते.

तेवढ्यात आमचे हेड कॉन्स्टेबल बंदोबस्तावरून परतले. राजस्थानातल्या शेखावाटीकडचे गृहस्थ, जिथे घरोघरी फौजी. आधी फौजेत हवालदार, तिथून निवृत्त होऊन आमच्याकडे आलेले. टोपी हातात, घामाने निथळलेले, दारातूनच “जय हिंद सर, जवानांचं जेवण अजून...” म्हणत आत आले आणि थबकले. त्यांनी म्हाताऱ्यांकडे बघितलं, टेबलावरच्या पट्ट्यांकडे बघितलं, वाकून ती खूण बघितली. टोपी डोक्यावर ठेवली, सरळ केली आणि असा सॅल्यूट मारला की पाण्याच्या माठावरचा पेला खणाणला. सॅल्यूट मला नव्हता.

“सर, लेफ्टिनेंट साब को यहाँ किसने बिठाया?” त्यांनी मला विचारलं.

आता काय सांगणार, मीच बसवलं म्हणून!

मग त्यांनी समजावून सांगितलं. चांगली सेवा केलेल्या सुभेदाराला सरकार सन्मान म्हणून लेफ्टनंट करतं, कधी निवृत्तीनंतरही. प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिनाला याद्या निघतात. “ऑनरेरी कहते हैं, सर. एकट्या माझ्या गावात असे चार आहेत. पलटणीतल्या कुठल्याही पोराला विचारा. सव्वीस जानेवारीच्या सकाळी सगळी पलटण त्या यादीचीच वाट बघत असते.”

मी खुर्चीत मागे रेललो. पलटणीतलं पोरगंसुद्धा जे जाणतं ते मेजरला माहीत नव्हतं? त्याने फोनवर काय सांगितलं होतं? कार्डावर सुभेदार, खांद्यावर लेफ्टनंट, म्हणून तोतया. हीच चूक मीही केली होती. पण मी पोलीस होतो, माझ्या चुकीला निदान अज्ञानाचं निमित्त होतं. मेजर ही चूक करूच शकत नाही. जो करतो त्याने पलटणीत एक दिवसही काढलेला नाही. त्याची टीपच त्याच्यावर उलटली होती, आणि ती माझ्या कानात तीन तास पडून होती.

लष्करी छावणीच्या ड्यूटी अधिकाऱ्याला फोन लावला. नाव, पलटण सांगितलं. पाऊण तासाने त्यांचा फोन आला, या नावाचा मेजर त्या पलटणीत नाही, आमची माणसं निघाली आहेत, त्याला बसवून ठेवा. मग मी मेजरला फोन केला. “सर, आपकी शिकायत लिखनी है, सही चाहिए.” आवाजात जितकं लोणी घालता येईल तितकं घातलं.

तो साडेचारला आला. म्हाताऱ्यांना मी आतल्या खोलीत बसवलं होतं. चहा मागवला. मग बावळट चेहरा करून विचारलं, “सर, आमच्या पोरांना या हुद्द्यांचं काही कळत नाही. सुभेदार कधी लेफ्टनंट होऊ शकतो का हो?”

“नेव्हर,” तो हसला. “सुभेदार मरते दम तक सुभेदार. अफसर तो अफसर होता है.”

कोपऱ्यात उभे असलेले हेड कॉन्स्टेबल खोकले. “साब, आपकी पलटन में रैंक काले होते हैं ना?”

“नया ऑर्डर आया है.”

“अच्छा. नंबर, साब? आपला सर्व्हिस नंबर?”

फौजी माणूस झोपेतून उठवला तरी नंबर सांगतो. याने मोबाइल काढला आणि बोटाने वरखाली करत बसला. तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. म्हातारे नुसते दारात उभे राहिले, खांदे रिकामे, हात विजारीच्या शिवणीला. मेजर उठून बाहेरच्या दाराकडे निघाला, तर हेड कॉन्स्टेबल आडवे झाले.

छावणीतली माणसं आल्यावर उरलंसुरलं बाहेर पडलं. पोरगा भरतीत वारंवार नापास झालेला. वर्दी एका शहरात शिवलेली, सिंह दुसरीकडून घेतलेले. ते काळे असायला हवेत हे दुकानदाराला कुठून ठाऊक? दूरच्या एका गावात त्याची बायको होती आणि तीन वर्षांची मुलगी. आणखी एका घरात असाच साखरपुडा करून तो पसार झाला होता. मी विचारलं, हे कशासाठी? तर म्हणाला, “वर्दी पहनता हूँ तो लोग खड़े हो जाते हैं.” खरं सांगतो, मला त्या क्षणी त्याचा राग कमी आणि स्वतःचा जास्त आला, कारण त्याच्यासाठी सगळ्यात आधी उभा राहिलो होतो मी.

घड्याळात सहाला वीस मिनिटं होती. मी टेबलावरच्या पट्ट्या उचलल्या आणि म्हाताऱ्यांच्या खांद्यावर माझ्या हाताने चढवल्या. “आजोबा, माफ करा,” म्हणालो. आणखी काय म्हणणार?

“माफी ऱ्हाऊ दे. गाडी काढ,” ते म्हणाले. मला एकदम अरे-तुरे केलं, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

हॉलमध्ये झेंडूच्या माळा लागल्या होत्या. नात हिरव्या साडीत पाटावर बसलेली, ‘मेजरसाहेबांना ठाण्यातून यायला उशीर होतोय’ अशी कुजबुज चाललेली. दारात आम्ही दोघे दिसताच जावई तावातावाने उठला. मी मध्येच थांबलो, टोपी सरळ केली, आणि सगळ्यांच्या देखत म्हाताऱ्यांना सॅल्यूट केला. मग मोठ्याने सांगितलं की हे खरे लेफ्टनंट आहेत, खोटा तो होता, आणि सगळ्यात मोठी चूक माझी. नवरदेवाच्या बायको-मुलीचंही सांगितलं. जावई खाली बसला, तो बराच वेळ उठलाच नाही.

नात उठली. तिचं मराठी अडखळत होतं, त्या दिवशी तर फारच. “आजोबा, मी... मी तुमचं नाही ऐकलं. मला वाटलं, मतलब, मला तुमची शरम वाटली.” आणि ती त्यांच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली.

म्हाताऱ्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ताटात साखरेच्या पुड्या मांडून ठेवल्या होत्या, आता त्यांचं काय करायचं कुणालाच कळत नव्हतं. तिची आई ताट उचलून आत न्यायला लागली.

“आक्का, आत कुटं नेतीस?” म्हातारे गरजले. “साखर वाट समद्यांना. पोरगी वाचलीया माझी!”

आणि खरंच, त्या हॉलमध्ये साखर वाटली गेली. पहिली पुडी माझ्या हातावर पडली.

नोकरीत मी खुनाचे तपास केले, दरोडे उघडकीला आणले, त्यांची प्रशस्तिपत्रं कपाटात आहेत. पण मला शिकवलं ते या एका दिवसाने. मला हुद्द्याच्या खुणा वाचता येत होत्या, माणूस वाचता येत नव्हता. चकचकीत सिंह बघून मी टाचा जुळवल्या आणि उसवलेल्या टाक्यांची खूण बघून गुन्हा लावायला निघालो. त्यानंतर ठाण्यात कुणी माणूस आणला की मी त्याला आधी पाणी द्यायला लावायचो आणि स्वतःच्या पाठांतरावर शंका घ्यायचो. त्या एका हळकुंडाखेरीज त्या माणसाने मला जन्मात कधी टोमणा मारला नाही. स्वतःच्या खांद्यावरचं सगळं टेबलावर ठेवून तो नातीसाठी घड्याळ बघत बसला होता. असं धैर्य मी गोळीबारातही क्वचित पाहिलं.

पुढे वर्षभराने माझी बढतीची यादी निघाली. घरी आलो तर बायकोने नव्या खांदेपट्ट्या आणून ठेवलेल्या. म्हटलं, परत कर. जुन्याच पट्ट्या तिच्यापुढे ठेवल्या आणि सुई दिली. ती म्हणाली, “ब्लेडने एका मिनिटात निघेल की.” मग मी तिला उंबऱ्यात बसलेल्या त्या बाईचं सांगितलं. तिने चष्मा लावला आणि एकेक टाका उसवायला घेतला.

फीत निघाल्यावर मी साताऱ्याकडे फोन लावला. बढती झाल्याचं सांगितलं. पलीकडे बराच वेळ नुसता खोकला आला.

“फीत निघाली का?” त्यांनी विचारलं.

“निघाली.”

“खूण?”

“आहे. राहू दिली.”

“मंग झालं,” ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

मी घरच्या सदऱ्यात उभा होतो, डोक्यावर टोपी नव्हती. टोपी नसताना हात उचलायचा नसतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी त्या बंद झालेल्या फोनला सॅल्यूट केला.